अर्ध्या गोळीचा वाद

जोमा, महारोगाला तू पुरून उरलास आणि गेलास काविळीनं. तेही आठवडाभरात. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तू बांधावर बसून त्याची थट्टा केली असतीस. तुझी थट्टा करायला आता माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला ती जमत नाही.

परवा तुझं बारावं झालं. त्यानंतर दवाखान्यातली मंडळी मला म्हणाली, तू त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढलीस, तूच काहीतरी लिही, दवाखान्याच्या हस्तलिखित अंकात लावू. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. तुझं घराणं, तुझं मिठाचं आगर, तू गावासाठी काय केलंस हे लिहायला दुसरे आहेत. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपला एक वाद अर्धवट राहिला, तो तुझ्यामागे मी कुणाशी घालू? म्हणून लिहितो.

तुझ्या धाकट्या बहिणीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिला वाचता येत नाही, पण तिच्या सासरी येतं, आणि तिथे तिच्या रोगाचं अजून ठाऊक नाही. तू तिला बाय म्हणायचास, मीही बायच लिहितो. तुझं खरं नाव लिहायला हरकत नाही, या बाजूला जोमे पुष्कळ आहेत.

आपली पहिली भेट आठवते का? पळस्प्याच्या रस्त्याला तो पत्र्याचा दवाखाना तेव्हा नुकता उघडला होता. दर बुधवारी आपल्यासारखी माणसं तिथे जमायची आणि एकमेकांकडे न बघता बसायची. डॉक्टर पुण्याकडचे, नवे. रोग्याला डोळे मिटायला लावायचे, कापसाची बारीक वात करून अंगावर टेकवायची आणि विचारायचं, "लागतंय?" तुझी पाळी आली. त्यांनी चट्ट्यावर वात टेकवली, तू म्हणालास, नाय. दंडावर टेकवली, नाय. कपाळावर, पाठीवर, चांगल्या हातावर, सगळीकडे नाय. डॉक्टरांचा चेहरा उतरला. सगळं अंग मेलेला माणूस चालत इथवर आला कसा, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं की अहो, काहीच कसं लागत नाही? तेव्हा तू डोळे उघडलेस.

"कापूस हाय तो, डाक्टर. कापूस कसा लागंल?"

बाकावरची सगळी माणसं हसली. कित्येक दिवसांनी मीही हसलो. तुमच्याकडे लागणं म्हणजे दुखणं, आणि डॉक्टर तर स्पर्श कळतो का ते विचारत होते. त्या दिवसापासून त्यांनी तो शब्दच सोडला. जिथे टेकवलं तिथे बोट ठेवा, एवढंच सांगायला लागले. तुला परत बसवलं, तेव्हा तुझं बोट सगळीकडे बरोबर पडलं. फक्त उजव्या कोपराखाली आणि डाव्या पोटरीवर पडलं नाही. तुझ्यामागे मी होतो. माझंही बोट त्याच दोन ठिकाणी चुकलं.

मला तोवर वाटत होतं की माझं ते भाजल्याचं आहे. गिरणीत उकड्या तांदळाची कढई असायची, तिच्या काठाला माझं कोपर टेकून राहिलं आणि मला कळलंच नाही. कातडी जळाल्याचा वास आला म्हणून शेजारचा ओरडला. गिरणीच्या मुकादमानं कोपर बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाला. त्याला माझ्याआधी समजलं होतं. मी मोगलाईतून, निजामाच्या मुलखातल्या औशाकडून आलेला. रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर आलो, टोळी पुढे गेली, मी पनवेलला गिरणीत राहिलो. घरी म्हातारी आई होती. तिला कळवलं होतं की बरं चाललंय.

डॉक्टरांनी तुझं आणि माझं कोपर शेजारी शेजारी धरलं, आतल्या बाजूची शीर चाचपली. दोघांचीही दोरीसारखी जाड. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन पाणी काढलं, काचेवर फासलं, दुर्बिणीतून बघितलं. मग म्हणाले, तुम्ही दोघं एक जोडी.

ती जोडी कशासाठी हे त्यांनी सगळ्यांना नीट बसवून सांगितलं होतं. जुनं औषध म्हणजे कडू कवठाचं तेल, ते जाड सुईनं टोचायचं. नवं औषध म्हणजे पांढरी गोळी. गोळी चांगली आहे असं बाहेरून ऐकायला येत होतं, पण आपल्या माणसांना ती किती मानवते आणि तेलापेक्षा खरंच सरस आहे का, हे बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. म्हणून सारख्या वयाचे, सारख्या चट्ट्यांचे दोघे दोघे निवडायचे, एकाला तेल, एकाला गोळी, आणि वर्षभर मोजत राहायचं. कुणाला काय हे डॉक्टर ठरवणार नव्हते. चिठ्ठी ठरवणार होती.

चिठ्ठी म्हटल्यावर सगळ्यांनी वहाणा काढल्या. डॉक्टर बावचळले. तुमच्या गावच्या देवळात कौल लावतात तसंच तुम्हा लोकांना ते वाटलं. तू तर चिठ्ठीच्या डब्याला नमस्कार केलास. मला गोळीचा कौल लागला, तुला तेलाचा. तू नुसती मान हलवलीस. देवानं सांगितलंय तर सांगितलंय.

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, कुठं राहतोस. मी आमच्या बोलीत म्हणालो, बघायलाव, म्हणजे अजून बघतोय. तुला तो शब्द फार आवडला. पुढे कितीतरी दिवस तू प्रत्येक गोष्टीला "बघायलाव, करायलाव" म्हणत होतास आणि मला मोगल्या हे नावही त्याच दिवशी पडलं. धर्मशाळेवाल्यानं मला काढलं होतं हे मी सांगितलं नाही, पण तू माझ्या गाठोड्याकडे बघितलंस. "चल," म्हणालास. बस्स.

मिठागरावरची ती राखणीची झोपडी. भावांनी तुला घरात येऊ नको म्हटलं नव्हतं, तू आगरावरच राहा असं सांगितलं होतं, आणि त्या दोहोंत काय फरक असतो हे तुला कळत होतं. वहिनी भाकरी बांधावर ठेवून जायच्या. लांब उभ्या राहून तुझ्याशी बोलायच्या, बाजारातलं, शेजारणींचं, भाताचं.  एक भाकरी दोघांत पुरत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या जास्त यायला लागल्या. मी कोण, कुठला, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला तांदळाची भाकरी गोड लागेना, सुक्या जवळ्याचा वास सोसेना. तू बाजारातून जोंधळ्याचं पीठ आणवलंस. वहिनींनी ती भाकरी थापली, तिचे चार तुकडे झाले, आणि ते चार तुकडे बघून तू म्हणालास, तुजा मुलूखच असा फुटका काय रं?

सकाळी भाकरीबरोबर मी गोळी घ्यायचो. आठवड्याची पुडी बुधवारी मिळायची. पहिल्या सकाळी मी गोळी तोंडात टाकायला गेलो आणि तू समोर होतास. आदल्या दिवशी तेल टोचलेलं, एका बाजूवर कलून बसलेला. मला ती गोळी गिळवेना. समोरचा रिकाम्या तोंडानं बसलाय आणि आपण काही खातोय हे आमच्याकडेही होत नाही आणि तुमच्याकडेही. मी गोळी मासळीच्या सुरीनं मोडली, अर्धी तुझ्यापुढे धरली.

तू विचार केलास. कौल मोडतोय का, याचा. मग तुझं तूच ठरवलंस की कौलानं गोळी मोगल्याला दिली. ती मोगल्याची झाली. आता मोगल्या आपली गोळी कुणाला देतो हे कौलात आलेलं नाही. आणि खाल्लीस.

ती मी दिली होती. हे मी कधीच नाकारलं नाही, जोमा, वादाच्या भरातसुद्धा नाही. तू मला छप्पर दिलंस, मी तुला अर्धी गोळी दिली. त्यात कुणी कुणावर उपकार केले असं तेव्हा वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

महिने गेले. गोळी घेणाऱ्या काहीजणांना त्रास झाला. ताप भरायचा, चट्टे लाल होऊन सुजायचे, शिरा ठणकायच्या. डॉक्टर घाबरून त्यांची गोळी कमी करायचे, मग पुन्हा हळूहळू वाढवायचे. मला काही झालं नाही. तुलाही नाही. चट्ट्यांच्या कडा दोघांच्याही बसत चालल्या. एका बुधवारी तुझं बोट कोपराखाली बरोबर पडलं. तू डोळे मिटलेलेच ठेवलेस आणि म्हणालास, परत टेकवा. डॉक्टरांनी परत टेकवलं. परत बरोबर. मी तेव्हा बाकावर बसून मनातल्या मनात औशाला पोचलो होतो. दिवाळीपर्यंत माझंही अंग साफ होईल. गिरणीत हात भाजला होता, इतकंच आईला सांगायचं. पुढे काही सांगायची वेळच येणार नाही.

मला तेवढंच हवं होतं. लवकर बरं व्हायचं आणि कुणाला कळायच्या आत घरी जायचं.

आता तो बुधवार. मुंबईहून एक वयस्क डॉक्टर आले होते. आपल्या डॉक्टरांनी एकेक जोडी त्यांच्यापुढे उभी केली. माणसं तशी थोडीच होती. बऱ्याच जोड्यांत गोळीवाला पुढे होता, पण फार नाही, आणि काही गोळीवाले तापानं खंगले होते. तेलवाल्यांत सगळ्यांत चांगला तू. तुझ्या कोपरावरून बोट फिरवत ते मोठे डॉक्टर म्हणाले की तेलावर इतकं होत असेल तर गोळीची घाई नको. तेल इथलंच आहे, स्वस्त आहे, ताप आणत नाही. खाडीकाठच्या गावांत नवे रोगी सापडलेत, त्यांना तूर्त तेलच सुरू करावं. आपल्या डॉक्टरांनाही ते पटल्यासारखं दिसलं.

त्या नव्या रोग्यांत बाय होती. लग्न ठरलेली, गुडघ्यामागे रुपयाएवढा चट्टा. आदल्या बुधवारीच तू तिला घेऊन आला होतास.

मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, जोमा. मी हे शंभर वेळा आठवून बघितलंय. तू सरळ डॉक्टरांकडे बघत होतास.

"यो तेलाचा गुन नाय, डाक्टर. मी याची गोली खाल्ली. रोज अर्धी."

 आपल्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? तू म्हणालास, पैल्यापासून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. परत आल्यावर त्यांनी आपल्याला समजावलं. म्हणाले, कुणाला कोणतं औषध किती मिळालं हेच मला ठाऊक नसेल, तर मी लिहितो ते सगळं थापा आहेत. त्या थापांवर उद्या दुसऱ्या गावातला डॉक्टर औषध देईल. तुम्ही दोघं आजपासून माझ्या मोजणीत नाही.

मोजणीत नाही म्हणजे गोळी नाही. गोळ्या वरून येत होत्या त्या मोजणीपुरत्याच. तुला वगळल्यावर तेलाची बाजू पडली, हे मोठ्या डॉक्टरांनी तिथेच मान्य केलं. मग हाताशी होत्या त्या गोळ्या कुणाला द्यायच्या, तर ज्यांच्या शिरा अजून शाबूत आहेत अशा नव्या रोग्यांना. ते बरोबरच होतं. आज मला कळतं की बरोबर होतं. त्यांत माझी पुडी गेली. बायला गोळी सुरू झाली, आणि तू आणि मी तेलावर आलो.

परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी बोललो नाही. झोपडीत आल्यावर बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू ऐकून घेतलंस. शेवटी मी म्हणालो, गोळी माझी होती. त्यावर तू म्हणालास, "अर्धी माजी व्हती. माज्या अर्धीचं मी बोल्लो."

मला इतका राग आला होता, तरी हसू आलं. हेच तुझं वाईट होतं.

पुन्हा सगळ्यांना पुरतील इतक्या गोळ्या येईपर्यंत वर्ष उलटून गेलं. तेवढ्या काळात तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळली ती वळलीच. पाटी धरायची झाली की तू तीन बोटांनी धरायचास, आणि मीठ ओढायचं फावडं तू मनगटाला फडक्यानं बांधून घ्यायचास. माझा डावा पाय पडला. पाऊल वर उचलेना, चालताना जमिनीवर फटफट आपटायचं. तुला ते लांबून ऐकू यायचं. म्हणायचास, मोगल्या आला, ताशा वाजला. आगरावर मी मिठाची पोती उचलायचो ते काम गेलं आणि घरी जायचंही गेलं. असा पाय घेऊन औशाच्या वेशीतून शिरलो असतो तर आईला कुणी विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं. मी पत्रं टाकत राहिलो. पुढे ती गेली, ते मला पत्रानंच कळलं. तू त्या दिवशी माझ्याबरोबर खाडीवर आलास, मी अंघोळ केली, तू पाण्यात उभा राहिलास.  त्या एका दिवशी तू ताशाचं नाव काढलं नाहीस.

नंतर गोळ्या आल्या. दोघांनाही मिळाल्या, पुऱ्या. दुर्बिणीखालची काच साफ आली. तू घरी गेलास, वहिनींनी तुझी भाकरी चुलीपाशी वाढली, आणि मला तू दवाखान्यात कामाला लावून दिलंस. डॉक्टरांना म्हणालास, याच्या पायाला पायताण करून द्या, नायतर यालाच करायला शिकवा. आता मी मोटारीच्या जुन्या टायरच्या चपला करतो, बधिर पायांच्या माणसांसाठी. पोटाला पुरतं. काम बसून आहे.

हल्ली गोळी अगदी थोड्यापासून सुरू करतात आणि चढवत नेतात, म्हणून ताप कमी येतो. ते आपल्या अर्ध्या गोळीमुळे झालं असं तू सगळ्यांना सांगत सुटायचास. मी म्हणायचो, तसं काही नाही, ते सगळीकडचे डॉक्टर आपापलं बघून शिकले. तू म्हणायचास, त्यांना कुनी शिकवला? 

पण मूळ वाद तो नव्हता. मूळ वाद आपण वर्षातून दोनतीनदा तरी घालायचो, बहुतेक तू घरची मासळी घेऊन माझ्याकडे यायचास तेव्हा. मी म्हणायचो, तू बोललास ते बरोबर. पण आधी मला बोलायचं. मी काय परका होतो? आपण बाहेर गेलो असतो, दोघांनी विचार केला असता, डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगितलं असतं. कदाचित त्यांनी काही वाट काढली असती. तू म्हणायचास, तेवढ्यात बायला सुई बसली असती. मी म्हणायचो, एक सुई बसली असती तर काय बिघडलं असतं? तू म्हणायचास, सुईचा नाय. मोठा डाक्टर लिहून गेला असता, मंग पुसनार कोन? मी म्हणायचो, अरे, पण मला विचारायचं. नुसतं विचारायचं. मी नाही म्हणालो असतो असं तुला वाटलं का?

 इथे तू दरवेळी मासळी कशी झालीय ते विचारायचास.

खरं सांगतो, मी काय म्हणालो असतो ते मलाही ठाऊक नाही. घाबरट माणूस आहे मी. अजून दर पंधरवड्याला कापसाची वात करून मी अंगभर टेकवून बघतो, डॉक्टर हसतात. काच साफ येऊन इतकी वर्षं झाली तरी एखादा डाग दिसला की माझी जेवणावरची वासना जाते. असा माणूस त्या दिवशी हो म्हणाला असता का? तू मला ओळखून होतास. म्हणूनच विचारलं नसशील. की तुला त्या क्षणी मी आठवलोच नाही, फक्त बाय आठवली? यातलं कोणतं खरं, एवढंच मला तुझ्याकडून ऐकायचं होतं.

तू आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी आलो. तुझे डोळे हळदीसारखे. गळ्यात कसल्या मुळ्यांची माळ, कुण्या जाणत्यानं दिलेली. मी म्हणालो, दवाखान्यात चल, तिथे रक्त बघतील, लघवी बघतील, काय आहे ते तरी कळेल. तू म्हणालास, कावील हाय ती, उतरंल. मी भांडलो. वहिनींना सांगितलं, भावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी करायचं ठरलं. ज्या माणसानं दवाखान्याला खरं कळावं म्हणून स्वतःची बोटं घालवली, तोच माळ घालून घरात पडलेला होता. पण हे मी तुला बोललो नाही. तुझ्या पायाशी बसलो. तू डोळे मिटून होतास. मला वाटलं, आता म्हणावं, जोमा, तू केलंस ते बरोबर केलंस. मग वाटलं, आज म्हटलं तर तो समजेल की मी त्याची आशा सोडलीय. उद्या गाडीत म्हणू.

सकाळी गाडी आली तेव्हा तू कुणालाच ओळखत नव्हतास. मलाही नाही.

आता परवाचं सांगतो.

बाय आली होती, दोन पोरांना घेऊन. पंगत उठल्यावर आपला जुना कंपाउंडर हात धुता धुता सहज बोलून गेला, त्या बुधवारी जोमानं तोंड उघडलं नसतं तर कित्येकांची हाडं तेलातच गेली असती. तो गेला आपल्या वाटेनं. बाय भांडी गोळा करत होती, तिनं ऐकलं. थोड्या वेळानं मागच्या परसात मी तंबाखू मळत बसलो होतो तिथे आली. कोणता बुधवार, म्हणाली. दादानं मला कधी काही सांगितलं नाही. मला गोळी चिठ्ठीनं लागली असंच तो म्हणायचा.

तू तिला सांगितलं नव्हतंस. हे मला परवा कळलं.

मी सांगितलं सगळं. झोपडी, सुरी, अर्धी गोळी, मोठे डॉक्टर. तू काय बोललास तेही. त्यानंतर तुझी बोटं कधी वळली ते. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडली नाही. पदर दोन्ही हातांनी पिळत राहिली, आणि मी त्या हातांकडे बघत बोलत होतो. दहाही बोटं सरळ, कातडी जिवंत. तुझ्या सगळ्या बोलण्याला मी जे उत्तर देत आलो ते त्या हातांपुढे मला आठवेना.

माझं सांगून झालं. तिनं माझ्या पायाकडे बघितलं. तिनं तो नेहमीच बघितला होता, पण परवा निराळा बघितला.

"भाऊ," म्हणाली, "गोली तर तुमची पन गेली. तुमाला इचारलं व्हतं का त्यानं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्याशिवाय कुणी विचारला नव्हता. मी तंबाखू खाली टाकली.

"हो," म्हणालो. "आदल्या दिवशीच विचारलं होतं. मी म्हणालो, सांगून टाक."

तिनं डोळे पुसले. मला वाकून नमस्कार केला आणि आत गेली, पोरांना वाढायला.

जोमा, तू तिथे असतास तर तिचं वाकणं पुरं होऊ दिलं नसतंस. त्यानं तुझी थोरवी कमी झाली असती, तरी तुला त्याचं काही नव्हतं. चारचौघांत म्हणाला असतास, नाय, मी नाय इचारलं. पण आता तिचा भाऊ विचारून वागणारा होता आणि त्याचा मित्र हो म्हणणारा होता, असं तिनं धरलंय. तसंच राहू दे. एवढ्या वेळी तू गप्प बस.